सहाव्या महिन्याची अठरावी

"तुम्ही इकडे बसा," असं म्हणून लुआनं नवऱ्याला दंडाला धरलं आणि भिंतीकडे पाठ करून बसवलं.

"अगं, पण तिकडून समुद्र दिसतो."

"तिकडे डोळ्यांवर ऊन येतं."

"मी काय लोण्याचा आहे वितळायला?" थिन म्हणाला, पण बसला. कुठे बसायचं यावरून त्यानं पंचवीस वर्षांत बायकोशी कधी वाद घातला नव्हता.

समुद्राकाठच्या क्वी न्योनला जुलैत सकाळी साडेसहालाच दुपार झालेली असते. शेवयांच्या दुकानातले पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. थिनच्या मागे, बरोबर त्याच्या डोक्यावर, रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर लटकत होतं. दुकानवालीनं कालचं पान पहाटेच फाडलं असावं. भला मोठा बारा, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत: सहावा चांद्रमास, तिथी अठरावी.

सहाव्या महिन्याची अठरावी म्हणजे थिनच्या आईची तिथी. चार वर्षांपूर्वी याच तिथीला म्हातारी गेली. आज वर डोंगरात, प्लेइकूच्या घरी, तिच्या नावानं तीस माणसांची पंगत बसायची. त्याऐवजी घराला कुलूप होतं, आणि म्हातारीचा एकुलता एक मुलगा जास्वंदीच्या फुलांचा शर्ट घालून शेवयांच्या वाडग्याची वाट बघत बसला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. लुआला सगळं ठाऊक होतं, कारण करणी तिचीच होती.

झालं होतं असं. त्यांच्या मुलीनं, तियेननं, आईबापाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मे महिन्यात समुद्राकाठच्या हॉटेलातली खोली ठरवून टाकली. तीन दिवस, दोन रात्री. वर दोघांना एकाच कापडाचे जास्वंदीचे कपडेही धाडले. समुद्रावर सगळी जोडपी तसेच घालतात म्हणे. तारखा तिनं हॉटेलच्या सोयीनं घेतल्या. या पोरांना चांद्रमास आठवतो तो फक्त नवीन वर्षाला. लुआनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरची पानं उलटत नेली, बारा जुलैला थांबली. तिथे अठरावी होती.

तेवढ्यात कुणाच्या तरी कॉफीच्या मळ्यातला पंप दुरुस्त करून थिन हात पुसत आत आला होता. "यंदा सहावा महिना दोनदा आहे म्हणे. मग आईची तिथी कुठल्या सहाव्यात धरायची?"

"दुसऱ्या," लुआ म्हणाली.

एवढंच. एक शब्द. शिवणाचा एक टाका घालावा इतक्या सहज तो पडला.

खरं तर तिथी पहिल्या महिन्यात करायची असते. हे लुआला शिकवलं होतं खुद्द सासूनं, शेंगा सोलता सोलता. "अधिक महिना जिवंत माणसांचा गं. मेलेल्यांना एकच पुरतो." आणखीही एक शिकवलं होतं: तिथी दोन-चार दिवस अलीकडे केली तर चालते, पलीकडे नाही. गेलेलं माणूस ठरल्या दिवसापर्यंत जेवायला येतं. लवकर मांडलेलं ताट त्याला सापडतं. उशिरा मांडलेलं ताट म्हणजे गाडी सुटल्यावर दिलेला डबा.

म्हणजे सरळ वाट समोर होती. आठवडाभर आधी तिथी उरकायची आणि निवांत समुद्रावर जायचं. पण तीस माणसांची पंगत म्हणजे आदल्या दिवशी भाज्या निवडणं, पहाटे तीनला उठून कोंबड्या उकडणं, चिकट भात शिजवणं, दोनशे रोल वळून तळणं आणि नंतर दोन दिवस भांडी. लुआचे पाय मग भोपळ्यासारखे सुजतात. ते सुजलेले पाय घेऊन तिला समुद्रावर जायचं नव्हतं. आयुष्यात एकदाच, न सुजलेल्या पायांनी जायचं होतं. शाळेचे गणवेश शिवणारी बाई ती. गिऱ्हाइकाला म्हणावं, झाला नाही हो अजून, पुढच्या महिन्यात या, तसं तिनं मेलेल्या सासूला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

मे महिन्यात ते सोपं वाटलं होतं. काल दुपारी घाट उतरताना जरा जड वाटलं. आज पहाटे खोलीत जाग आली तेव्हा मात्र छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटलं. सांगायचं तर आज, दिवस मावळायच्या आत सांगायला हवं होतं. उद्या सांगण्यात अर्थ नव्हता. उद्या ते नुसतं पाप राहिलं असतं.

दुकानवालीनं वाडगे आणून आदळले. माशाच्या वड्या, तांदळाच्या शेवया, वर कांद्याची पात.

"कुठले?" तिनं विचारलं.

"प्लेइकूचे," थिन खुशीत म्हणाला. "पण आता परके नाही हं. एक तारखेपासून तुमचा प्रांत नि आमचा प्रांत एक झाला. समुद्र आता आमचाही."

"हो का? मग घरचेच झालात. ती भांडी पडलीत मागे, घासून जा."

थिन इतका हसला की त्याला मिरची लागली. ठसक्यानं तो मागे वळायला लागला, तशी लुआनं झटकन पाण्याचा पेला त्याच्या नाकाखाली धरला. "इकडे बघा, इकडे. वर कशाला बघता, पाणी प्या."

"किती काळजी," दुकानवाली म्हणाली. "नवीन लग्न आहे का?"

लुआनं मान खाली घातली आणि सूप पीत राहिली. जीभ पोळली ते बरंच झालं.

तो सगळा दिवस असाच जायचा होता. कॅलेंडर नसलेली भिंत या देशात शोधून सापडत नाही. स्कूटर भाड्यानं देणाऱ्याकडे एक होतं. तिथे लुआनं नवऱ्याला बाहेरच हेल्मेट निवडायला लावलं. पेट्रोल पंपावर होतं, तिथे ती स्वतः त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिली. वास्तविक थिन कॅलेंडर कधी बघायचाच नाही. पंचवीस वर्षं त्यानं कॅलेंडरऐवजी बायकोकडे बघितलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं.

आधी ते जुळ्या मनोऱ्यांपाशी गेले. जुन्या चाम राजांनी बांधलेले दोन विटांचे मनोरे, भोवती हिरवळ आणि सावली म्हणून दोन-चार झाडं. लुआनं टोपी, तोंडाला फडकं, कोपरापर्यंत हातमोजे आणि वरून उन्हाचं जाकीट असं सगळं चढवलं होतं. जास्वंदीचं एक फूलही बाहेर दिसत नव्हतं.

"तियेनला फोटो पाठवायचाय," थिन म्हणाला. "असा पाठवला तर म्हणेल बाबा कुणाबरोबर फिरतायत."

"उन्हानं काळी पडले म्हणजे तुम्हीच म्हणाल."

"आता काळी पडून तुला कुणाला दाखवायचंय?"

"तुमच्या स्कूटरवाल्याला."

त्यानं तिचं फडकं ओढून काढलं आणि फोटो काढला. मग तो मनोऱ्याच्या आत गेला. आत अंधार आणि गारवा होता, दगडाचं जुनं लिंग, पुढे राखेनं भरलेलं भांडं. थिननं तीन उदबत्त्या पेटवल्या, कपाळाशी धरून वाकला आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिला. लुआ दारातच थांबली. ऊन पाठीला चावत होतं तरी तिला आत जाववेना.

"काय मागितलंत एवढं?" तो बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"मागितलं काही नाही. आईला म्हटलं, पुढच्या महिन्यात भेटू. या वेळी तुझ्या गावाकडची मासळी आणतो."

लुआनं फडकं परत तोंडावर चढवलं. फडक्याचा एक फायदा असतो, आत तोंडाचं काय चाललंय ते बाहेर कळत नाही.

आईचं गाव म्हणजे न्योन ली. खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडला, वाळूच्या टेकड्या मागे टाकल्या की येणारं कोळ्यांचं गाव. म्हातारी तिथली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन घाट चढली आणि बासष्ट वर्षं डोंगरात राहिली. माहेरी मागे कुणी उरलं नाही. भाऊ होडीसकट गेला, घर वादळात गेलं. पण शेवटपर्यंत भाताबरोबर माशांचं खारवलेलं पाणी वाढलं की ती विचारायची, हे नुओक माम कुठलं आहे? आणि उत्तर काहीही दिलं तरी म्हणायची, आमच्या गावचं असं नसतं.

पुलावर वारा इतका की स्कूटर तिरकी चालत होती. लुआ नवऱ्याच्या पाठीला चिकटून बसली होती. आता सांगावं, तिला वाटलं. त्याला तोंड दिसणार नाही, मला त्याचं दिसणार नाही. ती त्याच्या कानाशी ओरडली, "अहो, ऐका!"

"काय?"

"मी..."

"काय? पुलानंतर सांग!"

पुलानंतर तिनं विचारलं, "टाकीत पेट्रोल पुरेल ना?"

दहा वाजता ते वाऱ्याच्या खिंडीत पोचले. कड्याच्या कडेनं कठडा बांधलेली वाट, खाली हिरवानिळा समुद्र, आणि वाटेवर फोटो काढणाऱ्यांची रीघ. जास्वंदीची आणखी तीन जोडपी भेटली. थिन प्रत्येकाला हात करत होता, नातलग भेटल्यासारखा. लुआला समुद्र आवडला. ते तिनं स्वतःशी कबूल केलं. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाच्या खडकांची सावली दिसत होती, आणि तिचे पाय सुजलेले नव्हते, आणि वारा गळ्यात शिरून पाठीतून बाहेर पडत होता. पाच मिनिटं, फार तर सात, ती सगळं विसरली. मग आठवलं तेव्हा ते विसरणंच तिला जास्त टोचलं.

"हस की," थिन फोन धरून म्हणाला. "पोरीनं एवढं केलंय. तोंड असं का, दात दुखतो?"

"ऊन आहे."

"काल बसमध्ये पण असंच होतं. काल काय ऊन बसमध्ये होतं?"

ती हसली. फोटो आला. नंतर तिनं तो बघितला तेव्हा तिला वाटलं, ही बाई हसत नाहीये, हिला कुणीतरी हसायला लावलंय.

खिंडीतून उतरून ते गावात आले. किनाऱ्यावर पत्र्याच्या छपराखाली चार टेबलं मांडलेलं एक घरगुती खाणावळीसारखं दुकान होतं. टोपलीसारख्या गोल होड्या वाळूत पालथ्या पडल्या होत्या. मालकीण पन्नाशीची, आवाजानं छप्पर हलवणारी बाई.

"हळदीतला उडता मासा आहे का, ताई?" थिननं बसायच्या आधीच विचारलं.

"आमच्याकडे नसेल तर कुठे असेल? विमानतळावर?"

"एक आणा. आणि कोळंबीची धिरडी. आणि भात. आणि नुओक माम तुमच्या घरचं, बाटलीतलं नको."

"बाटलीतलं माझ्या दारात आणणाऱ्याला मी समुद्रात टाकते," बाई म्हणाली आणि आत गेली.

थिननं टोपी काढून वारा घेतला. त्याचा चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि फार समाधानी दिसत होता. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "इथून जाताना खारवलेली मासळी घेऊ दोन किलो. आईच्या तिथीला. आणि ऐक, यंदा तू तीनला उठायचं नाहीस."

लुआनं वर बघितलं.

"मागच्या वर्षी तुझे पाय बघितले मी. बोललो नाही, पण बघितले. लोक जेवून गेले आणि तू मोरीशी स्टुलावर बसून झोपलीस. यंदा कोंबड्या मी उकडतो. तुझ्या नणंदेला, दाओला, दोन दिवस आधी बोलावतो, ती रोल वळेल. आणि तीस माणसं कशाला? दहा पुरेत. आईला तरी कुठे गर्दी आवडायची?" त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली. "म्हणजे दुसऱ्या सहाव्याची अठरावी. ती इंग्रजी कितवी येते? तू सांग, मी पंपाच्या गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवतो."

हे सगळं त्यानं मे महिन्यात बोलायचं होतं. एवढं एकच वाक्य, तुझे पाय बघितले मी. मग ती ते एका शब्दाचं खोटं बोलली नसती. असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली, की अजूनही ती दोष ठेवायला दुसरा खांदा शोधतेय.

"आज आहे," ती म्हणाली.

"काय आज?"

"तिथी. आईंची. आज अठरावी."

"आजची अठरावी पहिल्या सहाव्यातली. तूच म्हणालीस दुसऱ्या..."

इथे दार उघडं होतं. मोजण्यात चुकले, एवढं म्हटलं की झालं असतं. दोन सहावे महिने काही रोज येत नाहीत. मागे आले होते त्याला आठ वर्षं झाली, तेव्हा म्हातारी जिवंत होती. भले भले चुकतात. त्यानं कपाळावर हात मारला असता, दोघांनी मिळून हळहळ केली असती, आणि तिलाच त्यानं समजावलं असतं. तिच्या जिभेवर ते वाक्य तयारही होतं.

"तिथी पहिल्या महिन्यातच करतात," लुआ म्हणाली. "मला माहीत होतं. आईंनीच शिकवलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी कॅलेंडरच बघत होते. खोटं बोलले."

"का?"

"यायचं होतं मला." तिनं समुद्राकडे हात केला, जणू तो पुरावा होता. "इथे."

"आदल्या आठवड्यात करता आली असती."

"हो."

"मग?"

"दमून यायचं नव्हतं."

थिननं हातातल्या जेवायच्या काड्या टेबलावर ठेवल्या, नीट, एकीला एक लावून. मग तो उठला आणि उन्हात चालू लागला. टोपी टेबलावरच राहिली, चपला टेबलाखाली. पालथ्या होड्यांपर्यंत गेला, तिथे उभा राहिला, समुद्राकडे तोंड करून. वाळू इतकी तापली होती की तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता, पण परत येत नव्हता. भरदुपारी जास्वंदीच्या शर्टातला पन्नाशीला आलेला माणूस. लुआला वाटलं, हाक मारावी. कुठल्या तोंडानं मारायची?

मालकीण मासा घेऊन आली. हळदीचा पिवळा रस अजून उकळत होता. "नवरा कुठे चालला? भांडलात?"

"नाही. ताई, आज त्यांच्या आईची तिथी आहे. आम्ही... घरी नाही केली. इथे मांडता येईल का? एक मोठं ताट हवं, उदबत्त्या हव्यात. त्या याच गावच्या होत्या."

बाईनं तिच्याकडे बघितलं, मग शर्टाकडे, मग बाहेर उन्हात नाचणाऱ्या माणसाकडे. "बारा वाजून गेलेत," ती म्हणाली.

"दिवस मावळला नाही ना अजून."

"मावळला नाही. पण आता तुम्ही बसून राहू नका. तो भात वाढा, उंच शीग लावून. मी नुओक माम आणते. मिरची घालू?"

"भरपूर. त्यांना भरपूर लागायची."

बाईनं गोल पत्र्याचं ताट आणलं, चार वाडगे, काड्यांचे चार जोड, दारूचे इवले पेले, आणि आपल्या घरच्या पितरांसमोरची दोन केळी उचलून आणली. "माझे सासरे रागावणार नाहीत," ती म्हणाली. "ते तसेही केळी खात नसत."

लुआनं मांडायला घेतलं. मासा मधे, धिरडी कडेला, शीग लावलेला भात, नुओक माम पुढे. पंचवीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालत होते. पण ताटाचं तोंड कुठे करायचं? म्हातारी येणार घराकडून, आणि घर पश्चिमेला, घाटाच्या वर. म्हणजे समुद्राकडे पाठ करून. तिनं टेबल धरून फिरवलं.

थिन तिच्या मागे कधी येऊन उभा राहिला ते कळलं नाही. पाय भाजले होते, तो टाचांवर उभा होता. त्यानं ताटाकडे बघितलं, मग शर्टाची वरपर्यंतची सगळी बटणं लावली. खिशातून फोन काढला, आईचा फोटो शोधला आणि फोन भाताच्या वाडग्याला टेकून उभा केला. निळ्या झब्ब्यातली म्हातारी, कॅमेऱ्यावर जरा वैतागलेली.

त्यानं उदबत्त्या पेटवल्या. तीन त्याला, तीन तिला. त्या हातात देताना त्याची बोटं तिला लागली नाहीत. तेवढं त्यानं जपलं.

"आई, ये," तो म्हणाला. "घर बंद आहे. आम्ही इकडे आहोत, तुझ्याच गावात. जरा लांब पडेल, पण ये." त्यानं उदबत्त्या कपाळाशी नेल्या. "लुआनं मांडलंय."

लुआ वाकली. माफ करा म्हणायला जीभ उचलत नव्हती. माफी मागायची तर ती आधी जिवंत माणसाची मागायला हवी होती. ती नुसती तीनदा वाकली.

मग दोघं प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून राहिली, उदबत्ती संपेपर्यंत. समुद्रावरच्या वाऱ्यानं ती भराभर जळत होती. म्हातारी घाईघाईनं जेवतेय असं वाटत होतं. दर थोड्या वेळानं फोनचा पडदा काळा व्हायचा आणि थिन बोट लावून आईला परत उजेडात आणायचा.

अर्धी उदबत्ती झाली आणि फोन वाजायला लागला. म्हातारीचा चेहरा गेला, तिथे दाओचं नाव आलं. दाओ म्हणजे थिनची धाकटी बहीण, दक्षिणेला बूट शिवायच्या कारखान्यात होती. थिननं क्षणभर फोनकडे बघितलं आणि आवाज मोठा करून उचलला.

"दादा! काय रे तो शर्ट!" दाओ खदखदून हसत होती. "तियेननं फोटो पाठवले. आमच्या कारखान्यातल्या पडद्याला तसंच कापड आहे. आणि वहिनी कशी दिसतेय, नवरी नुसती! कुठे आहात आत्ता?"

"न्योन लीला. दाओ, ऐक. आज आईची तिथी आहे."

"हं?"

"पहिल्या सहाव्यातच असते ती. चुकलं. माझं चुकलं मोजण्यात. मीच तुझ्या वहिनीला दुसरा महिना सांगितला."

लुआनं मान वर केली. थिन तिच्याकडे बघत नव्हता. फोनकडेही नाही. उदबत्तीच्या राखेकडे बघत होता.

तिकडे हसणं थांबलं होतं. मग दाओ सुटली. "माझं चुकलं? एवढंच? दादा, वर्षातून एक दिवस रे! एक दिवस लक्षात ठेवायचा! आणि कुणाला सांगायचं ते वहिनीला, जिनं आईचं दोन वर्षं हगणं-मुतणं काढलं! मी पोटची पोर, मी इकडे बूट शिवत बसले, सगळं तिनं केलं. तिला तू साधा महिना नीट सांगू नयेस? आता ती बिचारी आत रडत असेल. असेल ना रडत? तू पुरुष आहेस म्हणून तुला काही वाटत नाही, पण तिला..."

"द्या इकडे," लुआ म्हणाली.

"राहू दे," थिन हळूच म्हणाला. "झालं ना. राहू दे माझ्यावर."

तो भला माणूस होता. भला होता म्हणूनच ते तसं राहू देता येईना. एक खोटं तिनं एकटीनं बोललेलं होतं, तेच पुरे जड होतं. आता त्यातलं अर्धं त्यानं उचललं तर ते दर वर्षी, दर अठराव्या तिथीला, दोघांच्या मध्ये बसून जेवणार होतं, आणि दाओ दर वर्षी तिचेच गोडवे गाणार होती. लुआनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"दाओ, मी बोलतेय. दादाचं काही चुकलेलं नाही."

"वहिनी, तू त्याला पाठीशी घालू नकोस हं..."

"मी खोटं बोलले. मला तिथी माहीत होती. फिरायला यायचं होतं म्हणून मी सगळ्यांना पुढचा महिना सांगितला. तुलाही मीच सांगितलं, आठव. तुझ्या दादाला आत्ता, तासाभरापूर्वी कळलं."

कारखान्याच्या आवारातला आवाज येत होता, कुणीतरी जेवणाच्या रांगेत कुणालातरी हाका मारत होतं.

"वहिनी, तू?" शेवटी दाओ म्हणाली.

"हो. मी."

परत तो आवाज. मग दाओ म्हणाली, "दादाला दे." अगदी हळू, अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

थिननं फोन कानाला लावला. "हं... हो, इथेच... मासा, धिरडी, भात... हो, मिरची घालून... हं. लाव." त्यानं फोन खाली ठेवला, आईचा फोटो परत काढला आणि वाडग्याला टेकवला.

"काय म्हणाली?"

"अर्धा दिवस सुटी मागतेय. खोलीवर जाऊन उदबत्ती लावते म्हणाली."

"आणि मला?"

"तुला काही नाही म्हणाली." त्यानं घसरलेला फोन सरळ केला. "बोलेल. लगेच नाही बोलणार."

"आणि तुम्ही?"

थिननं तळपाय वर घेऊन बघितला, लाल झाला होता. त्यावर त्यानं पाण्याचा पेला ओतला. "मला राग आलाय," तो म्हणाला. "खूप आलाय. माझी आई होती ती. पण पंचवीस वर्षं माझ्या आईबापाच्या तिथी तुला विचारत आलो, एकदा कॅलेंडरचं पान उलटून बघितलं नाही. तोही राग आलाय. कुठला कुणावर, ते मला आत्ता उमगत नाहीये. घरी गेल्यावर बघू."

"आज जाऊ या का घरी? संध्याकाळच्या बसनं?"

"नको. आईला इकडे बोलावलंय, लगेच उठून चालू पडायचं?"

मालकीण आतून डोकावली, उदबत्त्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "संपल्या. आता उतरवा ताट. आणि टाकू नका काही, तिथीचं टाकत नसतात."

थिननं वाकून ताट उचललं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. एरवी तो पहिला घास तिच्या वाडग्यात टाकायचा, गालाजवळचा मऊ तुकडा. आज त्यानं आपला आपण वाढून घेतला आणि मान घालून जेवायला लागला. लुआ थोडा वेळ बसून राहिली. मग तिनंही काड्या उचलल्या आणि आपल्या हातानं माशाचा तुकडा तोडला.

तो बेचव लागेल अशी तिची खात्री होती. घशाखाली उतरणार नाही, निदान तेवढी तरी शिक्षा होईल. पण गार झाला होता तरी मासा फार चांगला झाला होता. हळद बेताची, मिरची नेमकी, काटा सहज सुटणारा. आणि तिला भूक लागली होती, सकाळपासून. तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि वाडग्यातला भात संपेपर्यंत वर न बघता खात राहिली.